जाहिरातीतला दगड

गिरगाव, मंगळवार, डिसेंबर १९५८

आज जेवण गेलंच नाही. त्या केसांच्या तेलाच्या जाहिरातीला आग लागो!

आमच्या गल्लीची जुनी दगडी फरसबंदी पडद्यावर म्हणे फार उठून दिसते. आधी एक सिनेमा झाला, आता ही जाहिरात. थेटरात गल्ली दिसली की लोक टाळ्या वाजवतात. नटी कोपऱ्यावरच्या दगडावरची पणती ओंजळीत उचलते आणि हसते. ती पणती! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा आमच्या चाळीतल्या इंदूमावशींचा मुलगा गोपाळ गोळी लागून त्याच दगडावर पडला. तेव्हापासून मावशी रोज तिन्हीसांजेला तिथे पणती लावतात. जाहिरातवाल्यांना ती नुसती सुंदर दिसली. कुणासाठी आहे, एकाने तरी विचारलं?

आज दादरहून एक जोडपं गल्ली बघायला आलं. पणती लावणाऱ्या मावशींनाच बाईने विचारलं, "आजी, नटी उभी होती तो दगड कुठला हो?"

"हाच," म्हणत मावशी पणती उचलून बाजूला झाल्या. बाई दगडावर उभी राहिली, नवऱ्याने फोटो काढला.

ते गेल्यावर मी भडकलेच. "मावशी, गोपाळचं का नाही सांगितलंत?"

"आधी सांगायचे गं. लोक अरेरे म्हणायचे, आणि मग विचारायचेच, नटी कुठे उभी होती?"

पणती त्यांनी परत लावली नाही, घरी नेली. ती पणती हातात घेऊन जिना चढणाऱ्या मावशी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आत्ता खिडकीतून पाहिलं. आणखी कुणी आलंय. दगडावर अंधार आहे, तरी त्यांना तो बरोबर सापडला.