शंभरात एक्क्याऐंशी

३ जून
आज सकाळी सहालाच वॉर्डात गेलो, हिला उठवून बसवलं आणि तयारीला लागलो. स्ट्रोक होऊन बत्तीस दिवस झाले. उजवा हात लुळा, पाय ओढत चालते, शब्द घशाशी अडतात. थेरपिस्ट बाई दर पंधरा दिवसांनी चाचणी घेतात. आधाराशिवाय खुर्चीतून उठणं, बटणं लावणं, ऐकलेले पाच शब्द थोड्या वेळाने सांगणं. काल दुसरी झाली. शंभरात अडतीस. पस्तीसला पास धरलं तरी काठावरच. आपल्याला डिस्टिंक्शन हवं.

४ जून
मोठा शोध लागला. प्रश्न दोन्ही वेळा तेच! सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं म्हणून बदलत नाही, असं बाई स्वतःच म्हणाल्या. म्हणजे पेपर फुटल्यातच जमा. बाईंच्या भोळेपणाची कीव आली. शब्द लिहून घेतले : चमचा, नदी, खिडकी, घोडा, लिंबू.

७ जून
पाठांतर जोरात. ही रडली. म्हणाली, अहो, पुरे. मी म्हटलं, गावच्या शाळेत आम्ही तिसापर्यंतचे पाढे रडतच शिकलो. नंतर जीव कळवळला. उद्यापासून रागवायचं नाही.

८ जून
रागावलो. पण थोडंच.

१२ जून
उठताना तोल जातो. चाचणीच्या वेळी मागे उभं राहून, गाऊन सारखा करायच्या निमित्ताने, हलकेच उचलायचं ठरवलं. ही कॉपी नव्हे, आधार. तरी देवाला विचारलं. तो काही बोलला नाही, म्हणजे हरकत नसावी.

१७ जून
एक्क्याऐंशी! बाई थक्क. मुलीला फोन लावला. ती म्हणाली, बाबा, मग आई फोनवर माझं नाव का घेत नाही? म्हटलं, ते सिलॅबसमध्ये नाही. ती हसली नाही.

१८ जून
बाई म्हणाल्या, सत्तरच्या वर गेलं की आम्ही घरी सोडतो. रोजचे दोन तास उपचार बंद, महिन्यातून एकदा दाखवायला यायचं. खाटेसाठी पुढचा पेशंट थांबलाय. हिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. उद्या खरं काय ते सांगेन.

१९ जून
सांगितलं नाही. बाईंभोवती गर्दी होती. घरी आलो.

२४ जून
घरच्या घरी व्यायाम. वेळापत्रक भिंतीवर लावलं, रोज तीन तास. आज अकरा मिनिटं झाली. सुरुवात म्हणून वाईट नाही. सोमवारी बाईंना फोन करेन.

२८ जून
फोन राहिलाच. दुपारी ही बाथरूममध्ये पडली. उजवा हात अंगाखाली मुडपला होता, तिला पत्ताच नाही. उचलताना विचारलं, कुठे लागलं गं? ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, चमचा. नदी. खिडकी. घोडा. लिंबू. अगदी क्रमाने. आणि बरोबर आलं ना, अशा नजरेने माझ्याकडे बघू लागली.

२९ जून
मेव्हणा म्हणाला, भावोजी, तोंड उघडू नका, हॉस्पिटलवाले परत दारात उभं करणार नाहीत. सल्ला सोयीचा होता. संध्याकाळपर्यंत मानला. मग देवापुढे बसलो, पण हात जोडवेनात.

२ जुलै
हिला घेऊन गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं, मागून उचललं तेसुद्धा. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, काका, जिथे मार्क कमी पडतात तिथेच आम्ही जास्त शिकवतो हो.
चाचणी पुन्हा घेतली, शब्दही वेगळे. मी बाहेर बसलो.
चोवीस.
खाट रिकामी नाही. यादीत आमच्या आधी अकरा जण. काउंटरवरची मुलगी म्हणाली, जुना एक्क्याऐंशीचा रिपोर्ट खोडून कारण लिहावं लागेल, सहीनिशी. लिहिलं : पतीने उचलले. सही केली आणि पुन्हा भरतीचा अर्ज दिला.