आशाबाईच्या अंगातला फॉल्ट

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप वच्छलाअक्कास,

पुंजारामचा तुला, तुझ्या दोन्ही दुखऱ्या गुडघ्यांसकट, साष्टांग नमस्कार. भाऊजींना बी सांग. तुझी शुगर, भाऊजींचा खोकला, म्हशीचं दूध, सगळं बरं असंल असं धरून चालतो, कारण बरं नसतं तर तुझा फोन आला असता. आता फोन सोडून पत्र काहून लिहितो म्हणशील, तर फोनवर तू बोलती आन् मी नुसतं व्हय-व्हय करतो. पत्रात तुला मधीच बोलता येत नाय. म्हणून बस आन् वाच. चष्मा लाव.

विषय तुझ्या भावजयीचा, आमच्या हिचा हाय. तुझ्या धाकट्याच्या, बद्रीनाथच्या लग्नाच्या सुपारीला आम्ही पाचोडला आलो होतो, तवा आशाबाई चार पोळ्या लाटून उठली आन् आतल्या खोलीत जाऊन पडली. तू चुलीपासून बोललीस, "वाळूजला राहून आमची भावजय सायबीण झाली." बाया हसल्या. आतल्या खोलीला दार नाय हे तुला माहीत हाय (पडदा बी मीच लावून दिलेला). तिनं ऐकलं. आता ती म्हणती मी लग्नाला येत नाय. नवरदेवाची मामी, हळदीच्या जात्याला पहिला हात तिचा, आन् तीच येत नाय म्हणती. तू मला फोनवर विचारती की तिला झालंय तरी काय. तेच सांगायला बसलोय. थोडं लांबंल.

अगोदर तिचं मनगट दुखायचं. मग खांदे. मग मान, कंबर, पिंढऱ्या. कधी हे कधी ते, आन् कधी सगळंच एकदम. सकाळी उठती ती रात्रभर उसाची मोळी वाहिल्यासारखी. कुणी प्रेमानं पाठीवर हात ठेवला तरी कळवळती. मी म्हणलं ह्यात काय, फॉल्ट हाय, काढून टाकू. तुला माहीत हाय, मी सातवी शिकून कंपनीत चिकटलो आन् फिटर म्हणून रिटायर झालो. प्रेस बंद पडला की साहेब लोक मीटिंग घ्यायचे, आन् मी आपला एक कनेक्शन काढायचो, मशीन चालवून पाहायचो, परत लावून दुसरं काढायचो. एका टायमाला एकच. फॉल्ट कुठं जातो? सापडतोच. तेच मी घरात लावलं.

पहिली काढली गादी. कापसाची गादी माळ्यावर टाकली आन् फळीवर झोपायचं ठरलं. आठवड्यात माझी कंबर धरली, तिचं होतं तेवढंच राहिलं. गादी परत. मग काढलं आंबट: दही, चिंच, लोणचं, कढी, सगळं बंद. तिनं माझ्या ताटात बी वाढलं नाय. लोणचं परत. मग मला वाटलं, ही गंगापूरला बहिणीशी, लक्ष्मीबाईशी, मान वाकडी करून फोनवर बोलत बसती, त्यानं मान जाती. फोन बंद केला. त्यानं मात्र फरक पडला. दुखणं वाढलं. घरात बोलायला मीच उरलो होतो, आन् त्यानं कुणाचंही वाढंल असं तिचं म्हणणं. फोन परत. शेवटी ती म्हणली, "अहो, तुम्ही माझ्या अंगातलं दुखणं काढायलात का अंगातून मला?" मी म्हणलं, फॉल्ट सापडंपर्यंत थांब.

बाकीच्यांचा बी हातभार होताच. शेजारच्या साळूबाई म्हणल्या नजर लागली (कुणाची लागंल? रिटायर फिटरच्या घराकडं कोण बघतं?). आमच्या पोरानं, काकासाहेबानं, मोबाईलमधी बघून सांगितलं की आईला ऊन कमी पडतं, म्हणून तिला गच्चीवर बसवलं. उन्हानं चक्कर आली ती येगळीच. मग कुणीतरी गंगापूरच्या कडूबा मालीशवाल्याचं नाव काढलं. लई नामी माणूस, नसा मोकळ्या करतो म्हणं. त्यानं कोमट तेल घेतलं, पोटरीवर दोन्ही अंगठे रोवले आन् दाबलं. आशाबाईनं अशी लाथ घातली की कडूबा तेलाच्या वाटीसकट भिंतीला टेकला. मला तर त्यात बरंच वाटलं. म्हणलं चला, ताकद शाबूत हाय. पण परत येताना जीपमधी ती वाळूज येईस्तोवर खिडकीकडं तोंड करून बसली.

मग तपासण्या. रक्त, लघवी, फोटो, नळीत घालून काढतात तो बी मोठा फोटो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. अक्का, रिपोर्ट नॉर्मल आले की आपल्याकडं लोक पेढे वाटतात. आशाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मी म्हणलं, बाई, चांगलं झालं ना? ती म्हणली, "आता कोण खरं मानंल मला?" मी रिक्षा बघायला गेलो.

शेवटी काकासाहेबानं सांध्यांच्या डॉक्टरांकडं नेलं, सरोजिनीबाई म्हणून हायेत. अगोदरच सांगतो, मला डॉक्टरांचं कौतुक नाय, पण ह्या बाईनं घाई केली नाय. तिनं विचारलं, झोप कशी लागते? मी म्हणलं, चांगली लागते. तिनं परत विचारलं, मी परत सांगितलं. मग ती म्हणली, "काका, पेशंट तुम्ही आहात का?" तवा आशाबाई बोलायला लागली, आन् अक्का, जे निघालं ते मी घरात राहून ऐकलेलं नव्हतं. झोप लागती पण उतरत नाय. शब्द तोंडाशी येऊन हरवतो. डाळीत मीठ दोनदा पडतं. डॉक्टरणीनं अंगावर इथं-तिथं नुसतं हळू दाबलं, आन् म्हणली, दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत, ह्याला नाव आहे. नाव चिठ्ठीवरून उतरवतो: फायब्रोमायल्जिया. (मला आधी पाण्याच्या टाकीचं मटेरियल वाटलं.) आशाबाई परत रडली, पण हे रडणं येगळं होतं. मला बी फरक कळला.

मी म्हणलं, मॅडम, नाव ऱ्हाऊ द्या, कारण सांगा. एक कारण. ती म्हणली, एक नसतं. मग मागचं सगळं खोदलं. आमच्या कॉलनीत चिकुनगुन्याची साथ आली तवा ही महिनाभर निजून होती; डॉक्टरीण म्हणली, असू शकतं, अशा तापानंतर काही जणांना हे सुरू होतं. त्याच साली मी स्कूटर गतिरोधकावरून उडवली आन् ही मागून पडली. ती म्हणली, मार लागून बी होतं. मग पावसाळ्यात हिची आई, भागूबाई, गेली. ती म्हणली, दुःखानं बी. मग माझी शिफ्टची नोकरी निघाली, मी रात्रपाळीचा, ही अवेळी उठून डबा करणार, जन्मभर झोपेचे तुकडे. ती म्हणली, झोपेचा तर मोठा वाटा. वरतून भागूबाईला बी असंच अंग धरायचं, डोक्याला फडकं बांधून बसायची, म्हणजे रक्तातलं बी काही असंल. मी म्हणलं, ह्यातलं नेमकं कोणतं? "नेमकं कुणालाच सांगता येत नाही, काका. एखाद्या अंगाचा कल असतो, आणि ह्यातल्या कशानं तरी ठिणगी पडते. कधी सगळ्यांनी मिळून." बायांना जास्त दिसतं, पण गड्यांना बी होतं म्हणं. दोष कुणाचाच नाय.

आता सांग, फिटरनं काय करावं? मी म्हणलं, मग बिघाड कुठं हाय? ती म्हणली, हाडं-स्नायू शाबूत हायेत, बिघडलाय तो अलार्म. चोर आला तर वाजावा, तर मांजर आलं तरी वाजतो, वारा आला तरी वाजतो. मी म्हणलं, बदलून टाका. ती हसली. म्हणली, बदलत नाही, हळूहळू आवाज कमी करता येतो. 'हळूहळू' ह्या शब्दाचा मला जन्मापासून तिटकारा. पण दुसरं काही नव्हतं.

तर आता आमचं असं चाललंय: झोपायची येळ ठरलेली, टीव्ही तवाच बंद (माझा बी, ही खरी शिक्षा), एक गोळी, गरम पाण्यानं अंघोळ, आन् रोज थोडं चालायचं. पहिल्या दिवशी कॉलनीच्या गेटापर्यंत गेली आन् वॉचमनच्या स्टुलावर बसली. वॉचमन उभा. मधी एक दिवस बरं वाटलं म्हणून हिनं घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या आन् मग आठवडा अंथरुणात काढला. डॉक्टरीण म्हणली, बऱ्या दिवशी जास्त करायचं नाही, वाईट दिवशी अगदी बंद पडायचं नाही. आता ती भाजीबाजारापर्यंत जाती, भाजीवाल्याशी भांडती आन् कोथिंबीर फुकट घेऊन येती. भांडण ऐकून मी म्हणलं, लाइनवर आली. कधी कधी अजून पडून राहती. सगळं जाईल असं वचन डॉक्टरीण देत नाय, पण बरंच हलकं होईल म्हणती, आन् मला ते दिसायला लागलंय. परवा तर ती भांडी घासताना गाणं म्हणत होती. मी दारात उभा राहिलो, ती गप झाली, मग मी बाहेर गेलो, मग परत सुरू झाली.

तवा लग्नात तिला पोळपाटाला बसवू नको, आन् जातं ओढायला दुसरी कुणी घाल. ती बाजूला बसून ओव्या म्हणंल. तिच्याइतक्या ओव्या तुमच्या पाचोडात कुणाला येतात? भाऊजींना नमस्कार, बद्रीनाथला आशीर्वाद, म्हशीला ढेप कमी घाल.

तुझा धाकटा भाऊ,
पुंजाराम

ता. क. बांगड्या भरायला कासार बोलावशील, त्याला सांग की मामीला दोन माप मोठ्या घाल. हात दाबून घातल्या तर तिचं काय होतं ते तुला कळायचं नाय, पण कडूबाला विचार.

ता. क. दुसरं. मांडवात तिच्यामागं एक खुर्ची ठेव. न विचारता ठेव. विचारलंस तर ती नको म्हणंल आन् उभी राहील.

ता. क. तिसरं, आन् खरं म्हंजे पत्र ह्याच्यासाठीच हाय. हळद कुणीही दळंल गं. तिला तुझा एक शब्द पाहिजे. माझ्या सांगण्यानं ती येत नाय, तू मोठी नणंद हाय. उद्या दुपारी फोन कर, आन् सरळ तिलाच. 'कशी हायस' विचार, आन् ती जे सांगंल ते खरं मान. मी हे लिहिलं हे तिला कळू देऊ नको. तिला माहीत नाय.

ता. क. चौथं. आत्ता ती मागून चहा ठेवून गेली. विचारलं, एवढं लांब कुणाला लिहायलात? मी म्हणलं, लाइट बिलाची तक्रार. ती म्हणली, "मग त्याच तक्रारीत लिहा, मामी हळदीला पिवळी नेसणार हाय, लग्नाला हिरवी, आन् ब्लाऊज शिवायला टाकलेत." म्हंजे तिला माहीत हाय, आन् ती येणार हाय.

तरी अक्का, फोन कर.