टर्नर नागोजीचं व्हायोलिन

तंजावर, ४ जून १९८६

चि. नागोजीस सकवारअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सरोजाच्या पत्रातून कळलं, तू अंबत्तूरच्या कारखान्यातली नोकरी सोडलीस. चौदा वर्षं लेथवर काढलीस. नारायणस्वामी फोरमननी वर्षभर रजा घे म्हणून विनवलं, तरी राजीनामाच दिलास. तुझं व्हायोलिन मला आवडतं, पण सिनेमाचं काम आज आहे, उद्या नाही. पोंगलला आलास तेव्हा चारदा हाक मारली तरी वळला नाहीस. रुसला होतास की काय? खरं ते कळव.

इथले सगळे बरे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

सकवारअक्का

मद्रास, १२ जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

रुसायला मी काय लहान आहे? तुलाच सांगतो, सरोजाला कळू देऊ नकोस. आमच्या लेथच्या शेजारी पत्रा ठोकणारे प्रेस आहेत. माझा डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, या आवाजातून बाहेर पडा, नाहीतर उजवाही जाईल. एक कान शाबूत आहे तोवर मनासारखं वाजवून घ्यावं, म्हणून सोडली. कोडंबाक्कमच्या स्टुडिओत आम्ही वीस व्हायोलिनवाले. मी शेवटच्या रांगेत, रंगा नावाच्या दोस्ताच्या शेजारी. संगीतकार सुंदर माझ्यावर खूश आहेत.

काळजी करू नकोस, आशीर्वाद तेवढा असू दे.

नागोजी

मद्रास, ३ नोव्हेंबर

ती. सकवारअक्कांस सरोजाचा शि. सा. न.

तुम्हाला काही ठाऊक असेल तर लपवू नका. हे हल्ली शेजारच्याचा व्हायोलिनचा गज बघून आपला गज चालवतात, असं रंगाच सांगून गेला. परवा आमची अलमेलू यांच्यापुढे गायला बसली आणि मुद्दाम बेसूर गायली. यांनी मान डोलावली, "छान" म्हणाले. पोरगी आत येऊन माझा पदर धरून बसली. शुक्रवारी यांना पहिल्यांदाच एकट्यानं वाजवायचं आहे. सुंदरांना खरं सांगा म्हटलं, तर म्हणाले, "एवढं एक वाजवू दे."

ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत. आमच्यावर जीव आहे तुमचा, म्हणून लिहिते, लवकर या.

सरोजा

मद्रास, ८ नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

काल सुंदरांनी हात केला आणि मी सुरुवात केली. उजव्या कानात नुसती घरघर होती, पण बोटांना सगळं पाठ होतं. डोळे मिटून वाजवत राहिलो. इतकं चांगलं कधी वाजवलंच नव्हतं, असं वाटत होतं. मग कुणीतरी माझा गज धरला. डोळे उघडले तर समोर रंगा रडत होता, सुंदरांनी थांबा म्हटलेलं मला ऐकूच आलं नव्हतं, आणि बाकीच्यांची व्हायोलिनं केव्हाच मांडीवर उतरली होती.

सरोजाला मीच सगळं सांगितलं. तुझी तार आली. पुढच्या आठवड्यात येतेस, बरं झालं. बोलशील ते समोर बसून बोल. लोभ चेहऱ्यावरून कळेल.

नागोजी