दिवसा कोण येणार

कोल्टर्स फोर्ड, न्यू जर्सी
१७ फेब्रुवारी २००८

प्रिय सुलेखाताई,

सप्रेम नमस्कार. डोळ्याच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर वाचवत नाही असं तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. इथे आम्ही सगळे ठीक. थंडी आहे.

आधी बातमी. आमच्या गावाच्या अग्निशमन दलाचं बजेट काल मतदानात मंजूर झालं. सोमवार ते शुक्रवार, दिवसापुरती, दोन पगारी माणसं ठेवायला गावाने होकार दिला. फरक थोडाच होता. निकाल दलाच्या चीफने, रे त्याचं नाव, काल फोन करून सांगितला. पण मी तुमच्या हाताखाली पेपरात डेस्कवर काम केलेली, त्यामुळे आज सकाळी मतमोजणीला बसलेल्या सेक्रेटरीबाईंना विचारून खात्री करून घेतली. त्या म्हणाल्या, चीफवर विश्वास नाही का तुझा? मी म्हटलं, आहे, तरीसुद्धा.

तुम्ही गेल्या पत्रात विचारलं होतंत, फायर ब्रिगेड म्हणजे सरकारी खातं, तू त्यात कशी? इथल्या लहान गावांत तसं नसतं. दल गावातल्याच लोकांचं असतं. सुतार, शिक्षक, विमा एजंट. कमरेला पेजर लावून फिरतात, तो वाजला की हातातलं टाकून फायर स्टेशनवर धावतात. पैसा कुणालाच मिळत नाही. गाडीचा, पेट्रोलचा, हेल्मेटांचा खर्च घरपट्टीतून, आणि बाकी पॅनकेकचा नाश्ता विकून. ही पद्धत खूप जुनी आहे आणि लोकांना तिचा अभिमान आहे.

अडचण एवढीच, की ती माणसं आता दिवसा गावात नसतात. कुणी पार्सिपनीला नोकरीला जातं, कुणी न्यूयॉर्कला. रात्री पेजर वाजला तर इतके येतात की गाड्यांत जागा पुरत नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कोण येणार, हा प्रश्न. दिवसा गावात उरतात ते म्हातारे, आजारी, आणि माझ्यासारख्या बायका. केदारच्या व्हिसावर आलेल्या बायकोला पगार घ्यायची परवानगी नव्हती. फुकट काम करायला मात्र कुणाची हरकत नव्हती. तीन वर्षांपूर्वी लायब्ररीत रेने लावलेला कागद वाचला, 'दिवसा घरी असता का?' मी अख्खा दिवस घरीच असायची. गेले.

केदार म्हणाला, "यार सुमेधा, तुला कंटाळा आलाय तर योगाचा क्लास लाव ना. जीव कशाला धोक्यात घालतेस, तोही फ्रीमध्ये?" नंतर त्याला सवय झाली. एकदाच खरा चिडला होता. इथे वर्गणी जमवायची रीत अशी, की सिग्नलला थांबलेल्या गाड्यांसमोर फायरमनचा रबरी बूट धरायचा, लोक त्यात पैसे टाकतात. मी बूट घेऊन उभी होते आणि केदारचा मॅनेजर समोर आला. घरी आल्यावर केदार म्हणाला, त्यांना वाटलं असेल माझी नोकरी गेली. मी म्हटलं, त्यांनी वीस डॉलर टाकले, तुझी नोकरी शाबूत दिसते. तुम्हाला ही गोष्ट आवडेल असं तेव्हाच वाटलं होतं, लिहायची राहून गेली.

काउंटीच्या प्रशिक्षण केंद्रात मी गाडी चालवायला आणि पंप चालवायला शिकले. पंपावरचा माणूस गाडी सोडून हलत नाही. पाणी थांबलं तर आत गेलेल्यांचं काय, म्हणून. आगीत शिरायचं शिक्षण वेगळं, जास्त दिवसांचं. ते मी घेतलं नव्हतं. दिवसा बहुतेक वेळा मी आणि डॉन असे दोघंच यायचो. डॉन सत्तरीला आलेला, हृदयात स्टेंट. डॉक्टरांनी त्याला हवेच्या टाकीचा मास्क लावून आत जायला कायमची बंदी केली आहे. म्हणजे दोघांतला एकही आत जाणारा नाही. रे ते दर बैठकीत सांगत होता. शेजारच्या गावाची गाडी येईपर्यंत बाहेरून पाणी मारायचं, एवढंच आमच्या हातात होतं. आतापर्यंत कचऱ्याचे डबे, एक गॅरेज, एक मोटार, यावर भागलं होतं.

डिसेंबरमध्ये आमच्या ओळखीच्या बाई गेल्या, असं मी तुम्हाला एका ओळीत कळवलं होतं. त्यावर तुम्ही काही विचारलं नाहीत. बरं केलंत.

त्या शोभाकाकू. वेदच्या आई. वेद आणि त्याची बायको शिवांगी टेकडीवरच्या नव्या वसाहतीत राहतात, दोघंही आयटीत. काकू नाशिकहून पहिल्यांदाच आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. इथे येणाऱ्या सगळ्या आयांचं होतं तेच त्यांचं झालं. मुलं सकाळी जातात, दिवसभर काचेबाहेर एक माणूस दिसत नाही. वसाहतीतल्या सगळ्या काकूंकडे माझा घरचा नंबर असतो. नऊ-एक-एक या आणीबाणीच्या नंबराला फोन केला तर पलीकडचा इंग्रजीत काय विचारेल याची त्यांना धास्ती. शिवाय पोलिसांना फोन म्हणजे मुलाच्या व्हिसाला काही होईल, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मी कितीदा समजावलं. त्या हो म्हणायच्या आणि मलाच फोन करायच्या, बहुतेक वेळा रेसिपीसाठी.

त्या दिवशी त्यांनी चकलीसाठी तेल तापत ठेवलं होतं. इथल्या काचेच्या शेगडीला ज्योत नसते, बंद की चालू कळत नाही. मला फोन आला तेव्हा पडदा पेटला होता. आवाज घाबरलेला नव्हता, ओशाळलेला होता. "सुमेधा, जरा घोटाळा झालाय गं." मी म्हटलं, फोन हातात ठेवा आणि तशाच बाहेर जा. त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या हाताने मी मोबाइलवरून नऊ-एक-एक लावला. फोन बिनवायरचा होता, त्या बोलत बोलत बाहेर आल्या. थंडी किती आहे ते म्हणाल्या. पायांत नुसते मोजे आहेत म्हणाल्या. मग म्हणाल्या,

"पासपोर्ट वर राहिला गं. वेद ओरडेल."

मी म्हटलं, "राहू दे काकू. तिथून हलू नका, मी गाडी घेऊन येते."

त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. वीज गेली असावी, फोन बंद पडला.

आमचं घर स्टेशनला लागून आहे. मी गाडी काढली, डॉन वाटेत चढला. टेकडीवर पोचलो तेव्हा लॉनवर कुणी नव्हतं. समोर टपाल वाटणारी बाई उभी होती. ती म्हणाली, शाल घेतलेली म्हातारी बाहेर होती, मी हात केला, ती परत आत गेली.

डॉन मास्कशिवायच दाराकडे निघाला. मी त्याचा कोट धरला आणि सोडला नाही. त्याने मला काय शिव्या दिल्या ते रेने रिपोर्टात घेतलेलं नाही. मग तो नळी धरून उभा राहिला आणि मी पंपावर. शेजारच्या गावाची माणसं आली, आत गेली, जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांना काकू सापडल्या. पासपोर्टच्या कपाटापर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या.

त्यानंतर मी गाडी धुतली. नळ्या वाळत घातल्या. केदारने पोळी-भाजी वाढली, ती खाल्ली. मला झोपही लागते, ताई. लागू नये असं वाटत राहतं, पण लागते. गाडी दर सोमवारी सुरू करून बघायची असते, तीही मी सुरू करते. दलातल्या लोकांशी बोलायला एक समुपदेशक बाई आल्या होत्या. काही वाटलं तर फोन कर म्हणाल्या. वाटलं की करीन.

वेदने दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, आई तुझ्याशी काय बोलली. मी म्हटलं, बाहेर जा म्हटलं, तर हो म्हणाल्या. हे खरंच होतं. तेवढ्यावर मी थांबले. समोर शिवांगी होती, घर धुराने काळं झालेलं, नातेवाइकांचे नाशिकहून फोन येत होते. दोन दिवसांनी सांगू असं वाटलं. दोन दिवसांनी वेदच म्हणाला, की वरचं कपाट बंद असल्यामुळे आतलं सगळं शाबूत आहे. "पासपोर्टसुद्धा मिळाला. पेपरवर्कला तेवढं एक बरं झालं." विमानतळावर उतरल्या दिवशी त्यानेच तो आईच्या पर्समधून काढून घेऊन वर ठेवला होता. हरवला तर इथेच अडकशील, असं तिला बजावलं होतं. आपण सगळेच आपल्या आयांना हे बजावतो. केदारने माझ्या आईला हेच बजावलं होतं, शब्द न शब्द.

त्या दिवशीही मी सांगितलं नाही.

मग जानेवारीत बजेटची जाहीर सभा झाली. पगारी माणसांना विरोध करणारे बरेच होते. एक म्हातारा उठून म्हणाला, माझ्या बापाने फुकट आग विझवली, मी विझवली, आता पगार कसले? त्याच्या बोलण्यावर टाळ्या पडल्या. मग वेद उठला. तो मतदार नाही, आमच्यातलं जवळजवळ कुणीच नाही. मोरेश्वरकाका आणि त्यांची बायको जुने सिटिझन, ती दोन मतं सोडली तर आम्ही मराठी माणसं मतदानात शून्य. तरी त्याला बोलू दिलं. तो मोठ्याने बोलणारा मुलगा नाही. म्हणाला, "त्या दिवशी दोनऐवजी चार जण आले असते तर माझी आई आज असती. मला आणखी काही म्हणायचं नाही." खाली बसला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. त्या म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी शेवटच्या रांगेत होते. रेला मी पहिल्याच दिवशी फोनवरचं सगळं सांगितलं होतं. सभेनंतर तो पार्किंगमध्ये माझ्याजवळ आला. मी विचारलं, चार जण असते तर खरंच वाचल्या असत्या का? तो म्हणाला, "कदाचित. शपथेवर सांगणार नाही." मग म्हणाला, "त्या आधी बाहेर आल्या होत्या, हे त्याला कळायला हवं. पण ते मी सांगणं बरोबर नाही. ती वाक्यं तुमच्या भाषेतली आहेत, ती त्याला त्याच भाषेत ऐकू दे." कधी सांगायचं ते तो बोलला नाही. मतदान महिन्यावर आलं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी महिनाभर बोलले नाही. वेदला सांगितलं असतं तर तो गप्प राहिला नसता. मला तो माहीत आहे. त्याने दुसऱ्या सभेत उभं राहून तेही सांगितलं असतं. आणि लोक म्हणाले असते, बाई तर बाहेर आलीच होती, मग पगारी माणसं कशाला. वेदचं वाक्य चूक नाही, अपुरं आहे. ते अपुरं आहे हे माहीत असून मी ते गावात फिरू दिलं. माणसं हवीच होती, आजही हवीत, उद्या दुसऱ्या कुणाच्या घराला लागतील. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं आहे आणि ते पटतंही. फक्त माझ्या मनात अजून तुम्ही टेबलापलीकडे बसून विचारता, बातमीची पूर्ण कॉपी कुठे आहे.

केदारला कालच सांगितलं. तो म्हणाला, "सांगू नकोस. आता काय उपयोग आहे? तो आयुष्यभर ते घेऊन फिरेल." मी म्हटलं, नाहीतर मी फिरेन. तो म्हणाला, तू फिर ना मग. रागाने नाही म्हणाला. वेद त्याचा मित्र आहे.

बुधवारी वेद अस्थी घेऊन नाशिकला निघतो आहे. इतके दिवस रजा मिळत नव्हती. काल निकाल कळल्यावर त्याने मला फोन केला. आभार मानले, जसे काही मीच बजेट मंजूर केलं. मग म्हणाला, "सुमेधा, तिकडे सगळे मला विचारणार, आई शेवटचं काय बोलली. मला ते तुझ्याकडून एकदा नीट ऐकायचंय. सगळं. मी उद्या चारला येऊ?" मी ये म्हटलं.

आणखी एक. दोन जागांपैकी एकीसाठी मी अर्ज करावा असं रे म्हणतो. मागच्या वर्षी आम्हाला वर्क परमिट मिळालं, आता मला पगार घेता येतो. आत शिरायचं प्रशिक्षण मार्चमध्ये सुरू होतं. त्याला या आठवड्यात उत्तर हवं आहे. मी सोमवारी देते म्हटलं. वेदशी बोलणं होण्याआधी त्या जागेवर नाव लावणं मला जमणार नाही.

आत्ता तीन वाजून गेलेत. केदार गाडी घेऊन बाहेर गेला आहे, मुद्दामच. वेद आला की मी आधी सांगेन, की काकू स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या होत्या आणि थंडी वाजते म्हणाल्या. मग ते वाक्य, जसंच्या तसं, त्याच्या नावासकट. मग मी त्यांना काय म्हटलं ते. मग हे, की मी दोन महिने हे जाणून होते आणि तुझं भाषण ऐकत बसले होते. तो उठेपर्यंत मी समोर बसून राहीन.

हे पत्र उद्या टपालात पडेल. तुमच्या हाती येईल तोवर वेदला सगळं कळलेलं असेल, आणि नाशिकलाही.

तब्येतीला जपा.

तुमच्या डेस्कवरची,
सुमेधा