कोपरा फाटलेलं पत्र

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमची लोखंडी पेटी उघडली ती जागा करायला. अकोल्याचा फ्लॅट तो केवढा! तळाशी, जुन्या हजेरीपटात, लढाईवरून आलेलं एक पत्र निघालं, कोपरा फाटलेलं. तुमच्या एका विद्यार्थ्याने बायकोला लिहिलेलं. ते आपल्या पेटीत काय करतंय, या प्रश्नाने मला पंधरा दिवस काही सुचू दिलं नाही.

मग आठवलं. लढाईचा तो हिवाळा, मी तिसरीत. अंजनगावजवळच्या आपल्या गावात वाचता येणारे थोडे, म्हणून पोस्टमन सगळी पत्रं शाळेत तुमच्याकडे देई आणि तुम्ही घरोघरी वाचून दाखवत. हे पत्र हातात धरून तुम्ही कितीतरी वेळ बसला आहात. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची खबर. हा कोपरा टपालाच्या थैलीतच फाटला असणार, पण तुम्ही तोंड उघडण्याआधी त्या घरात रडारड झाली असती. तुम्ही कोरं पत्र घेता आणि त्याच्या वळणाने लिहू लागता. ते वळण तुम्हीच तर गिरवून घेतलेलं. "बाबा, काय लिहून राहिले?" मी विचारते. "उतारा. तू पाढे म्हण."

उताऱ्यात कुणी पदरचा शब्द घातला तर कान पिळायचात तुम्ही. मग स्वतः काय केलं असेल, ही उत्सुकता मला गप्प बसू देईना. परवा गावी गेले. त्या पत्रानंतर महिनाभरात तो गेल्याची तार आली होती. त्याच्या बायकोने, काकूंनी, तुमचा उतारा अजून पितळी डब्यात जपलाय. मी चाचरत खरं सांगितलं, तर त्या हसल्या.

"मले मालूम हाय ना वं. गुरुजीचं हाय थे. आमच्या यायनं मले जन्मात कधी 'तब्येत सांभाळ' म्हटलं नाही. पण तशा दिवसांत माह्यासाठी कोणी बसून लिहिलं, थे कमी हाय का?"

मी दोन्ही पत्रं मांडीवर घेऊन ताडून पाहिली. त्याने लिहिलं होतं, 'लय भेव लागते.' तुम्ही लिहिलंत, 'इथं थंडी लय हाय.' आवडलंच मला ते. पण त्याची शेवटची ओळ तुमच्या उताऱ्यात नाहीच. 'मी आलो नाही तर पाट लाव, दुसरं घर कर. माह्या नावानं बसून राहू नको.'

काकू बसून राहिल्या. पन्नासहून जास्त वर्षं.

ती ओळ त्या दिवशी गाळलीत ते समजतं. नवरा जिता असताना बायकोला असं कोण वाचून दाखवेल? पण तार आल्यावर? लोकांना भ्यालात, की उतारा उघडा पडेल म्हणून भ्यालात? आणि मग पत्र फाडून का नाही टाकलंत? मला राग येतो, बाबा, आणि तरी तुमच्यासमोर बसून हे सगळं एकेक करून विचारावंसं वाटतं.

"आता त्यायची खरी चिठ्ठी वाच," काकू म्हणाल्या. "पुरी वाच."

मी वाचू लागले. भीतीचं वाचलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. शेवटच्या ओळीपाशी मी थांबले.

"काहून थांबली वं? सरली?"

"सरली, काकू."

ती ओळ मीही वाचली नाही, बाबा.