तांबडा धूर

१२ नोव्हेंबर १९९६, मंगळवार

साताऱ्याहून आणलेली ट्रंक रिकामी केली आणि भोरमधली ही खोली माझी झाली. घरमालकीण जन्नतबींनी नव्या तांदळाचा भात वाढला आणि ताट संपेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "निलोफर, बेटा, एवढंसं खाऊन कारखाना कसा चालवशील गं?"

कारखाना सारोळ्याजवळ आहे. कापूरहोळला एसटी बदलावी लागते. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसले होते, त्यामुळे टेबलावरची 'स्टोअर केमिस्ट' ही पाटी मी उगाचच दोनदा पुसली. माझ्या ताब्यात पत्र्याची एक शेड आहे: नायट्रिक ॲसिडचे कॅन, वाळूची पेटी, सोड्याची पोती. कामगार सात. त्यांत गेनबा सगळ्यांत बोलका, आणि झाडलोट करणारी रतनबाई सगळ्यांत गप्प. कोपऱ्यात लाकडाच्या भुशाची पोती दिसली. सांडलं की टाकायला! ती हलवा म्हटलं, तर सुपरवायझर मानसिंग हसला. बारा वर्षं भुसाच टाकतोय म्हणाला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सगळ्यांना अंगणात बसवून शिकवलं. ॲसिड सांडलं की आधी माणसं बाहेर. वारा पाठीवर घ्यायचा. भोवतीनं कोरड्या वाळूचा बांध घालायचा, मग कडेकडेनं सोडा टाकत आत सरकायचं. भुसा कधीच नाही, नायट्रिकवर तो पेटतो आणि तांबडा धूर निघतो. तो हुंगल्यावर माणूस चालतो, बोलतो, जेवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत पाणी भरतं.

गेनबानं विचारलं, "बाई, मग त्याला अवषीद काय?"

मी सांगितलं, लगेच मोठा दवाखाना, ऑक्सिजन. तेवढ्यात मानसिंग आला आणि काम सोडून बसला म्हणून त्यानं गेनबाच्या कानशिलात मारली. सगळ्यांदेखत. सगळे उठून कामाला लागले. मीही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

वाळूची पेटी रिकामी! मानसिंगनं वाळू ऑफिसच्या गिलाव्याला वापरली. मालकांना फोन केला. ते म्हणाले, तिथलं मानसिंग बघतो. भुशाची पोती परत कोपऱ्यात आली आहेत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डाव्या हातानं लिहितेय. उजवं मनगट मोडलंय.

चार वाजता टेम्पोतून उतरवताना कॅन निसटला आणि शेडच्या मधोमध फुटला. मी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. मानसिंग लोखंडी पाइप घेऊन आला. गेनबाच्या पाठीत दोन आणि रतनबाईच्या पोटरीवर एक घालून त्यानं दोघांना पुन्हा आत ढकललं, भुसा टाका म्हणून. भुसा पडला आणि पेटला. विटकरी रंगाचा धूर छताला लागला. हायवेवरून दिसेल म्हणून त्यानं शटर खाली ओढलं. कडी लावली. माणसं आत असताना.

आतून पत्र्यावर मुठी. मी कडीला हात घातला तेव्हा त्यानं पाइप मनगटावर मारला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं.

गेनबानं मागचा पत्रा लाथांनी फाडला आणि बाहेर आला. रतनबाई आतच होती. मी त्या भोकातून शिरले, एका हातानं तिला ओढलं. तिचं लुगडं पायाला चिकटलं होतं. सुटलं ते कातडीसकट.

तिला जीपनं पुण्याला पाठवलं. गेनबाला चल म्हटलं, हात जोडले. तो हसत होता. "बाई, मला कायबी झालं न्हाई. बगा की, कसा उभा हाय." आणि चालत घरी गेला.

आत मीही होते. किती वेळ? मिनिटभर. कदाचित जास्त.

२० नोव्हेंबर, बुधवार. सकाळ

गेनबा पहाटे गेला. मी त्याच्या घरी पोचले तेव्हा भिंतीला टेकवून बसवला होता. तोंडातून गुलाबी फेस. बायको म्हणाली, कोरड्या जमिनीवर बुडाला. गेनबाचा भाऊ भिमा आला आणि त्यानं एवढंच विचारलं, "कडी कुनी लावली?"

मी नाव सांगितलं.

दुपार, दोन

भिमा आणि सोयरे कारखान्यात आले. मानसिंगला ऑफिसातून केसाला धरून फरफटत आणलं. पाइप त्याचाच. गुडघे फोडले. शेडमध्ये टाकलं. भिमानं लाथेनं कॅन पाडला, वर भुशाचं पोतं उलटं केलं, बाहेर आला, शटर ओढलं. मागच्या भोकाशी दोघं पहारी घेऊन उभे —

तो ओरडत होता. नाव घेऊन. "निलोफरबाई, उघडा, उघडा —" माझा डावा हात धड होता. मी उभीच राहिले. मुठींचा आवाज आधी जोरात. मग नखांचा. मग —

चार

खोकला. जन्नतबी टेम्पो आणायला गेल्यात. पडून राहता येत नाही, पडलं की गुदमरतं. बसूनच —

हवालदार जबाबासाठी भिमाला घेऊनच इथं येऊन गेला. भिमाला धरलंय. भिमा सांगतो, सगळं मी एकट्यानं केलं. माझ्याकडे बघत सांगत होता. मी होय म्हणून मान हलवली.

साडेचार

फेस. रुमालावर. गुलाबी.

टेम्पो नाही अजून. लिहायलाच हवं, भिमा फासावर — त्याला दोन पोरी आहेत —

साहेब, भिमानं शटर फक्त ओढलं. तो तिथून वळला होता. रडत होता. आतून मानसिंगनं ते वीतभर वर उचललं होतं, त्याची बोटं बाहेर — मी पायानं दाबलं. कडी मी ला