सूर्याचे सात डाग

मादन हिप्परगा, मंगळवार, जून १९८०, दिवेलागण

तोंड लपवायला जागा नाही. आठ दिवस माझा बिनतारी संच मुका. त्यावर उदगीरच्या मित्राचा आवाज नाही, परदेशातल्या कुणाचा नाही. सूर्य खवळला की इथं आवाज बुडतात, हे मला पाठ. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली, डाग मोजले. सात! झालं. सूर्यावर वादळ उठलंय म्हणून अख्ख्या शाळेला तास घेऊन सांगितलं. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

आज बायको म्हणाली, "अवो, खिडकीतली तार परत कवा जोडायलाव?"

"कुठली तार?"

"मागच्या मंगळवारी ढग गडगडायलते, तवा मी काढून ठेवली की. तुमीच सांगितलं हुतं, वीज घरात येती म्हणून."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी डाग मोजायलते. मधी कामून बोलू?"

एरियलची तार जोडली. संच खणखणीत बोलायला लागला. बिचारे सात डाग! त्यांनी माझं काय बिघडवलं होतं?

उद्या शाळेत काय सांगू? पण त्याहून जास्त छळतंय ते उदगीरच्या मित्राचं पत्र. मी डागांबद्दल लिहून कळवलं होतं, त्याचं उत्तर आजच आलंय. "तुझं बरोबर आहे. इकडंही आठ दिवस सगळं बंद. सूर्याचंच काम."

त्याच्या बायकोला एकदा विचारून घ्यावं म्हणतो.